मागच्या ओळीतली जागा

चर्चच्या तालमीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. आत गायकवृंदाची प्रमुख हेडविग आणि तिचे शाळेतले जुने मास्तर ओस्टरकांप.

"सर, तुम्ही? तीनदा आमदार झालात, गावची शाळा बंद पडू दिली नाहीत, आणि आता गाणं?"

"आता मोकळा झालोय, पोरी. ईस्टरला देवापुढे गायचंय. घेशील का?"

"आधी गाऊन दाखवा."

ते गायले. बाकाशेजारचं मांजर उठून निघून गेलं.

"किती गुण?"

"चार." आमच्याकडे एक म्हणजे उत्तम; आकडा वाढेल तसं वाईट.

"म्हणजे जेमतेम पास! विधानसभेत सुद्धा माझी एवढी फजिती झाली नव्हती."

"मला तुम्ही गाण्याला पाच दिले होतेत, सरळ नापास. वर नाताळच्या कार्यक्रमात म्हणालात, हेडविग, मागच्या ओळीत उभी राहा आणि नुसते ओठ हलव."

"असं म्हणालो मी?"

"समोर माझी आई बसली होती, सर."

"चुकलंच माझं. मग मी निघू?"

"कुठे निघालात? मागच्या ओळीत उभे राहा."

"आणि ओठ हलवू?"

"छे! चांगलं मोठ्यानं गायचं. देव गुण देत नाही."