सोफ्यापुढचा रग

तुम्ही माझ्या सासूबाईंना पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट, आम्ही अमेरिकेत ॲन आर्बरला होतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं ठिपक्यांचं चित्र असलेला एक रग मी हौसेनं आणला आणि सोफ्यापुढे टाकला. पुण्याहून आलेल्या सासूबाई मात्र त्याला वळसा घालून जायच्या.

"कसलं चित्र गं हे?" त्यांनी एकदा विचारलं.

मी लेबल वाचून सांगितलं, "त्यांचे पूर्वज पाणी शोधत चालत गेले, ती वाट आहे."

"पूर्वज? आणि तू त्यांच्यावर पाय ठेवून टीव्ही बघतेस?"

ह्यांच्या युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंटमध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेली रूबी शनिवारी जेवायला येणार होती. ती त्याच आदिवासींपैकी. मी ग्रोसरी घेऊन परतले, तर रग भिंतीवर, चांगले चार खिळे ठोकून. काढायला गेले तेवढ्यात बेल वाजली.

रूबी आत आली आणि भिंतीसमोर उभीच राहिली. मी सॉरी म्हणायला लागले, तर तिने विचारलं, "हा इथे कुणी लावला?" मी लगेच सासूबाईंकडे बोट केलं.

"अमेरिकेत आमची चित्रं मी पायाखालीच पाहिली," रूबी म्हणाली आणि तिने सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला सांग, आमची सून खूप शिकलेली आहे. हेही शिकेल हळूहळू."

आणि यार, हे इंग्रजीत मलाच सांगावं लागलं.