डबा उघडाच राहिला

जमलेल्या सर्व काका-काकूंनो, मित्रमैत्रिणींनो,

माईक जरा खाली घेते. सांभाळून घ्या.

मेश्राम सर गेले. गेल्या शनिवारी गेले. वीस वर्षं ज्यांच्या घरी आपण बेल न वाजवता शिरत होतो, ते सर गेले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मग वाटलं, मी नाही बोलले तर इथे फक्त चांगलंचुंगलं बोललं जाईल. सरांना ते आवडलं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर मूळ नागपूरचे. इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. विषय कोणता? युरोपातली आरमारं! पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंड आणि जर्मनीने एकमेकांच्या भीतीने युद्धनौका कशा बांधत नेल्या, तो विषय. नागपूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, म्हणून लोक हसायचे. सरही हसायचे. म्हणायचे, "समुद्राजवळ राहणाऱ्यांना तो रोज दिसतो, म्हणून ते विचार करत नाहीत."

रशिया मोडला आणि कॉलेजने त्यांचा कोर्स कॅन्सल केला. आता अमेरिका-रशियाचं भांडण संपलं, आरमारांचा इतिहास कोण शिकणार? इथल्या खाडीतला अमेरिकन नेव्हीचा तळसुद्धा बंद झाला. सर त्या दिवशी घरी आले आणि काकूंना एवढंच म्हणाले, "शीला, भांडण संपलं म्हणे."

पण रविवारचा खेळ त्यांनी बंद केला नाही. तुमच्यातले किती जण तो खेळलेत! फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये, हॉलमधल्या कार्पेटवर निळी चादर पसरलेली. तो उत्तर समुद्र. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, त्या युद्धनौका. फिका रंग इंग्लंडचा, गडद रंग जर्मनीचा. सगळे चिमटे बटर कुकीजच्या गोल पत्र्याच्या डब्यात. काकूंचा चिवडा आणि चहा.

मी कायम जर्मनी. सर मला कैसर म्हणायचे, म्हणजे जर्मनीचा बादशहा. इंग्लंड कायम प्रकाश देव. त्याला ते मामा म्हणायचे, कारण इंग्लंडचा तेव्हाचा राजा हा कैसरचा खरोखरच सख्खा मामा होता. मी दारात दिसले की सर ओरडायचे, "ये गं कैसर! मामा केव्हाचा येऊन बसलाय, चार जहाजं बांधून झाली त्याची!"

खेळ अगदी सोपा. आपली पाळी आली की डब्यातून एक चिमटा काढायचा आणि चादरीवर लावायचा. समोरच्याने एक लावला की आपण एक. त्याने मोठा लावला की आपण मोठा. सर सांगायचे, इंग्लंडने एक अशी प्रचंड नौका बांधली की जगातली बाकी सगळी जहाजं भंगार झाली. सगळी म्हणजे इंग्लंडची स्वतःचीसुद्धा! मग पुन्हा पहिल्यापासून बांधा. आणि एवढं बांधून जर्मनीचं आरमार युद्धात काय करत होतं? बहुतेक वेळ बंदरात उभं होतं. इतकं महागाचं, बुडालं तर? शेवटी हरल्यावर, शत्रूला मिळू नये म्हणून, जर्मन खलाशांनी ते शत्रूच्या बंदरात स्वतःच्या हातांनी बुडवलं.

सरांच्या खेळात एक नियम मात्र इतिहासातला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. आपल्या पाळीला चिमटा लावायच्या ऐवजी तो परत डब्यात टाकता येत होता. बस. तुम्ही हरत नव्हता, खेळ संपत नव्हता. फक्त एक जहाज कमी. त्यासाठी डब्याचं झाकण कायम उघडं असायचं, सरांच्या गुडघ्यापाशी.

सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी टाकला?

कुणीही नाही. मी नाही, प्रकाशने नाही. एकदा तर चादर भरली, कार्पेट भरलं, चिमटे किचनपर्यंत गेले. आम्ही टाळ्या वाजवत होतो. सर शांतपणे डब्याकडे बघत होते. डबा उघडाच राहिला.

आणि मग आपलं मराठी मंडळ फुटलं. का फुटलं? गणपतीच्या जेवणात केटरर कोणाचा, यावरून! आज हसू येतं ना? मला येत नाही. फ्रीमाँटचं आपलं एक मंडळ झालं, क्युपर्टिनोचं एक. प्रकाश तिकडे गेला. त्यांनी पुण्याहून नाटक आणलं. आपण नाटक आणि गायिका आणली. त्यांनी ढोल घेतले, आपण त्यापेक्षा जास्त घेतले. ते ढोल आता कोणाच्या तरी गराजमध्ये पडून आहेत. वाजवायला माणसंच उरली नाहीत, कारण निम्मी तिकडे गेली.

सर दोन्हीकडे जात राहिले. दोन्हीकडे सांगत राहिले. "अरे यार, एक दिवाळी एकत्र करा. एकच." आपण काय म्हणालो? आधी त्यांनी विचारायला हवं. ते काय म्हणाले? तेच.

हॉस्पिटलमधलं तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपण सकाळी गेलो, फुलं घेऊन. ते संध्याकाळी गेले, मोठी फुलं घेऊन. दुसऱ्या दिवशी आपण त्याहून मोठी नेली. नर्स वैतागली, तिला सलाइनच्या स्टँडपर्यंत पोचता येईना. मी एकटी गेले होते त्या दुपारी सरांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "कैसर, बघ. माझ्या खाटेभोवती आरमार लागलंय." मग म्हणाले, "मामा बोलतो का गं तुझ्याशी?"

मी त्यांची उशी सारखी केली.

आज काय चाललंय तेही सांगते. आत्ता, याच वेळी, क्युपर्टिनोत दुसरी शोकसभा चालू आहे. सरांचीच. तिथे प्रकाश बोलतोय. हॉल आपल्यापेक्षा मोठा आहे म्हणे.

शीलाकाकू इथे नाहीत. तिथेही नाहीत. सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. म्हणाल्या, "नंदा, दोन्हीकडून फोन आले. मी कोणत्या हॉलमध्ये रडू? मी घरीच बसते." त्यांच्या नातीने, सुजाताने, मला विचारलं, "नंदामावशी, विच वन इज द रिअल वन?" इथे जन्मलेली पोर आहे ती. तिला आपलं भांडण कळतच नाही.

मंडळी, मी दिलासा द्यायला उभी नाही. मला आशा वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट समजावली, ती त्याच्याच माणसांना, त्याचा चिवडा खाणाऱ्यांना, समजली नाही. मग आणखी कुणाला समजणार?

आता श्रद्धांजली. आपण दोन मिनिटं शांत उभं राहणार होतो. तिकडे कळलं, त्यांनी तीन केली. अध्यक्षसाहेब, माफ करा, पण आज सकाळी आपल्या कमिटीने पाच केली. सरांसाठी केली का हो ती?

निघताना काकूंनी मला हा डबा दिला. तोच, कुकीजचा. आणि हा एक चिमटा, गडद रंगाचा. म्हणाल्या, "तुझाच आहे, घेऊन जा."

डबा इथे टेबलावर ठेवते. झाकण काढून ठेवलंय. आपण सगळे उभे राहू या. पाच मिनिटं मी उभी राहणार नाही. मध्येच मी हा चिमटा डब्यात टाकेन आणि खाली बसेन. पत्र्याचा आवाज होईल, तेवढा सहन करा. ज्यांना माझ्याबरोबर बसावंसं वाटेल, त्यांनी बसावं.

नंतर मी हा डबा घेऊन क्युपर्टिनोला ड्राइव्ह करत जाणार आहे. प्रकाशसमोर उघडा ठेवणार आहे. तो काही टाकेल असं मला वाटत नाही. तरी ठेवणार आहे.

सर, तुमच्या कैसरचा शेवटचा जयभीम.

उठू या.