वाऱ्यात सांगितलेलं आडनाव

मारसली: जमीनदाराचा कारभारी तुला खातो की काय?

फिनले: खात नाही, आई. जमीन काढून घेतो. पट्टा फिनले ड्रमंडच्या नावावर आहे. आज बाप्तिस्म्यात पोराचं आडनाव भलतंच सांगितलं, तर विचारेलच ना, हा कोणाचा म्हणून.

मारसली: भलत्याच? ज्या नावापायी तुझ्या खापरपणजाला फासावर चढवलं, ते भलतं?

फिनले: हळू बोल. भर रस्ता आहे.

मारसली: आता कशाला हळू? राजाने आपल्या खऱ्या आडनावावर घातलेली बंदी गेल्या वर्षी पार्लमेंटने उठवली. बाजारातून तूच ऐकून आलास.

फिनले: पुन्हा घालतील. मागेही एकदा उठवून पुन्हा घातलीच होती. आणि आपण आहोत तरी किती? या खोऱ्यात त्या नावाचं दुसरं माणूस पाहिलंयस कधी?

मारसली: नाही पाहिलं. तुझ्या बापाने मला ते लग्नानंतर सांगितलं. मेंढ्यांमागे पार माथ्यावर नेलं आणि वारा सुटेपर्यंत वाट बघत बसला. वारा सुटल्यावर मग कानात बोलला. मला वाटलं, प्रेमाचं काही सांगतोय.

फिनले: मलाही तिथेच सांगितलं त्यांनी.

मारसली: आणि तूही या तान्ह्याला तिथेच नेऊन सांगणार? बघ, समोरून कोणीतरी येतंय. भाकरी काढ.

फिनले: गुरं हाकणारा कॉलिन कॅम्पबेल. नेमका कॅम्पबेलच भेटायचा होता. त्यांच्याच लोकांनी आपल्या वाडवडिलांना जंगलभर हुडकलं.

मारसली: बाप्तिस्म्याच्या वाटेवर पहिला जो भेटेल त्याला द्यायचंच. सैतान भेटला तरी. घे रे कॉलिन, नातवाची भाकरी.

कॉलिन: वा, चीजसुद्धा आहे. सकाळपासून उपाशीच होतो. आणा बाळाला इकडे, रिवाजाप्रमाणे चार पावलं तुमच्यासोबत मागे येतो. नाव काय ठेवताय?

मारसली: डोक्यावर पाणी पडायच्या आधी नाव सांगतात होय? केस पिकले तरी अक्कल नाही.

कॉलिन: चुकलो, वहिनी. मग चर्चपर्यंतच येतो. ऐकूनच जातो.

(चर्चमध्ये. फिनले बाळाला घेऊन पुढे उभा. मारसली आणि कॉलिन मागच्या बाकावर.)

पाद्री: नाव सांग, फिनले.

फिनले: आल्पिन.

कॉलिन: आल्पिन. आपल्या कुळाच्या मूळ राजाचं.

मारसली: आपल्या? तुला काय ठाऊक त्याचं?

पाद्री: आल्पिन ड्रमंड. असंच ना?

मारसली: मागे वळून काय बघतोय हा?

कॉलिन: कारभारी पहिल्याच बाकावर बसलाय.

फिनले: नाही, पाद्रीबाबा. मॅकग्रेगर. आल्पिन मॅकग्रेगर.

मारसली: बोलला. छपराखाली बोलला, वारा नसताना. अरे, तू कशाला उठलास? खाली बस.

कॉलिन: बसवत नाही, वहिनी. मला माझ्या बापाने हेच नाव धबधब्याखाली नेऊन सांगितलं होतं. आमचे लोक कॅम्पबेलांच्या रानात लपले, म्हणून कॅम्पबेल झाले.

मारसली: तू?

कॉलिन: मी एकटाच नाही. डावीकडे बघा.

मारसली: गिरणीवाला मरे उभा राहिलाय. त्याचे दोघे भाऊसुद्धा. आणि ती विणकरीण ग्रँट? कुंपणावरून भांडण झाल्यापासून मी तिचं तोंड बघितलेलं नाही. तीही?

कॉलिन: तीही.

मारसली: देवा. आम्हाला वाटायचं, आम्हीच तेवढे उरलोय.

कॉलिन: आम्हालाही तसंच वाटायचं.

मारसली: कारभारी मान वळवून बघतोय रे.

कॉलिन: बघू दे. किती जणांचे पट्टे काढून घेईल? मग शेतात ओट काय तो पेरणार?

फिनले: पाद्रीबाबा, हे सगळे... पाणी घालताय ना?

पाद्री: घालतो. जरा थांब, फिनले. दाराजवळच्या म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतोय.