काजळाचा ठिपका

पातूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावरचं म्हातारं जोडपं कोंबड्या घ्यायला निघालं होतं.

“गिरिराज कोंबड्या घेऊ. अंडे लय देतेत.”

“मले गावरानच पायजे. तुमची गिरिराज खुडूक बसते का अंड्यावर?”

“ते कायले बसते? पिल्लं मशीनीत निघतेत आता.”

“पयले आपली कोंबडी खुडूक बसली का जाऊबाई त्यायचे अंडे आनायच्या, काजळाचा ठिपका लावून. आपल्याच कोंबडीखाली टोपल्यात ठेवायच्या. मंग एकवीस दिवस रोज पाहाले यायच्या.”

“वावराच्या धुऱ्याच्या भांडनापासून वयनी आपल्या अंगनात आल्या का कधी?”

“तवापासून आपल्याकडे कोंबडी तरी कुठी हाय? कावून येतीन त्या?”

अकोल्याची गाडी लागली. दोघं उठली.

“गावरानच घेऊ. पन आयक, आपले अंडे कमीच ठेवजो. टोपल्यात जागा राहू दे.”