पुढच्या सभेला अकरा

अंधेरी स्टेशनबाहेर वेसाव्याच्या बसची रांग जागची हलत नव्हती. गार्गीच्या पुढे माशांची रिकामी पाटी कमरेला टेकवून एक कोळीण उभी होती, सोबत कॉलेजातली भाची.

"मंजुळाआत्या, सरांनी आज झॉम्बी कंपनी शिकवली."

"पिक्चरमधलं चालणारं मढं?"

"तेच. धंदा कधीच मेलाय, पण कागदावर कंपनी चालूच. मला तर आपली मच्छीमार सोसायटीच आठवली. होड्या गेल्या, बर्फाचा कारखाना बंद, तरी तू दरवर्षी सभा घेतेस!"

"घेते. म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आणते, धरून धरून जिना चढवते."

"पण कशाला यार? बंद करून टाक ना."

"मासळी वाळवायची जागा कोणाच्या नावावर हाय, कल्पिता?"

"सोसायटीच्या."

"सोसायटी मेली तर तिथं काय उभं राहील?"

"टॉवर."

"मंग आपल्या बायका बोंबील कुठं वाळवतील? तुझ्या सरांच्या गच्चीत?"

"बाप रे, आत्या! एवढी वर्षं तू एकटीने जिवंत ठेवलीस?"

"एकटीने नाय. सभेला अकरा मेंबर लागतात. धर्माकाका गेला, आता दहाच उरले."

"मेंबर व्हायला वय किती लागतं?"

"अठरा."

"मग मला घे ना!"

आत्याने पाटीतल्या फडक्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला फॉर्म होता.

"अगं, माझं नाव तर भरलेलंच आहे!"

"वाढदिवसापासून घेऊन फिरते. सही तेवढी तुझी."

गार्गीने न मागताच आपलं पेन पुढे केलं.