घाटात मिळालेली परवानगी

परवानगीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगते. हिमालयातल्या ट्रेकला आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होकार तेवढा राहिला होता. दरम्यान सॅकमध्ये ज्वारी भरून मी मांजरसुंब्याचा घाट चढण्याचा सराव करत असे. अडचण अशी की, ओझे घेतलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी पायी जाऊ देत नाही. गाडीत बसायला नकार दिला, की माणसे दुखावतात. म्हणून माझ्या वतीने नकार द्यायला एके सकाळी आण्णा सोबत आले. अर्ध्या घाटात शेजारच्या महादूकाकांनी ट्रॅक्टर थांबवला.

"पोरीच्या पाठीवर ओझं अन् तुमी मोकळं? बसा दोघंबी."

आण्णा दम खात म्हणाले, "तिला चालू दे. हिमालयात चाललीय ती."

हाच तो होकार, हे मला उमगेपर्यंत आण्णा ट्रॅक्टरवर बसलेही होते.