याह्याचा पत्ता

नाय, आत नका जाऊ साहेब, इथं ओसरीवरच बसा, पंखा लावते — खोलीला कुलूप हाय, याह्या युनिव्हर्सिटीत गेलाय, चावी त्याच्याकडं. दोन वर्षं झाली, यमनचा पोरगा — पोरगा म्हणजे पस्तिशीचा, तिकडं प्रोफेसर हाय — आपल्या जुन्या नहरींचा, पाण्याच्या त्या, अभ्यास करतोय, आन माझ्याच घरात राहतोय. लिहा तसं. मनकर्णाबाई, घरमालकीण, हिनं सांगितलं. तीस तारखेला त्याच्या व्हिसाची मुदत संपती, व्हय ना? तुमचा चौकशीचा कागद बरोबर गेला की वाढून मिळती, नाय गेला की बॅग भरायची — त्यानंच सांगितलंय मला. आन भरून जायचं कुठं? त्याच्या गावात लढाईनं घरच ठेवलं नाय.

रडतंय ते? नातू हाय माझा, पंचवीस दिवसांचा. लेक आलीय बाळंतपणाला, संस्कृती. दुपार झाली की सूर लावतंय बघा — व्हय, त्याच खोलीतून. बरं, नाय कुलूप. शेगडी हाय, शेपा-ओव्याची धुरी हाय, बाळंतीण निजलीय, म्हणून म्हणलं आत नका जाऊ, दुसरं काय. याह्या? तो गच्चीवर झोपतो. उकडतंय किती आजकाल. सामान? सामान बी… गच्चीवरच. पुस्तकं उन्हात कोण ठेवतं, म्हणता. खरंय. कोण ठेवतं.

आता काय लपवू. फुलंब्रीला हाय तो, माझ्या भावाकडं, बन्सीकडं. तीन महिने होतील. दोन तर खोल्या घरात, लेक सातव्यात आली, तिला काय ओसरीवर टाकू? याह्याला म्हणलं, बाबा, थोडे दिवस मामाकडं राहा. लगेच उठला, पुस्तकं बांधली. जाताना एवढंच विचारलं — अम्मा, पता बदला तो ऑफिस में बताना पडेगा ना? आन मी हसले साहेब. म्हणलं, भावाचं घर ते माझंच घर, घरातल्या घरात हालल्याचं कुणी सरकारला सांगतं का? दोनदा विचारलं त्यानं. दुसऱ्यांदा तर मी रागावले — म्हणलं, सांगशील तर मला परकी समजतोस असं धरीन. मग गप बसला. माझ्या शब्दाखातर बसला हो. चूक माझी, आन भोगायची त्यानं, हे कुठल्या कायद्यात बसतं?

थांबा, ते नका लिहू. पेन ठेवा जरा. तुम्हाला बहीण हाय का? — पिशोरला दिलीय? मग तिच्या घरी मुक्काम केला तर परगावी राहिलो म्हणता का तुम्ही? — बरं, तुमचं वेगळं, त्याचं वेगळं. कळतंय. पर मी आजच बाज ओसरीवर काढते, लेकीचं बघू काय ते, त्याची पुस्तकं सांजपातुर आत येतील. मग तर पत्ता खरा झाला ना?

काय म्हणलात? त्यानं तोंडानं 'इथंच राहतो' म्हणलं तर तेवढंच लिहिता? मी बोलले ते सोडून देता? लेकराबाळांचं भलं होईल साहेब तुमच्या. येईलच तो आता, बाळाला बघितल्याबिगर एसटी धरत नाय. म्हणंल की. का नाय म्हणणार? फक्त… नाय, काय नाय. गेल्या महिन्यात बन्सीची शेळी शेजाऱ्याच्या मेथीत घुसली — बन्सी म्हणला, आमची नव्हंच ती, तर हा पुढं होऊन सांगतो, रस्सी मेरे हाथ से छूटी, चाचा. बन्सी आठ दिवस बोलला नाय त्याच्याशी. कुणी विचारलं बी नव्हतं हो त्याला. असलं खुळं हाय ते. मला लई भ्या वाटतंय साहेब. तुम्ही दुसरं काय तरी विचारा ना त्याला — नाव विचारा, बापाचं नाव विचारा.

फाटक वाजलं. आलाच. ये रे याह्या, बस. हे साहेब तुझ्या कागदासाठी आलेत. एकच विचारणारेत, आन तू एकच सांगायचं — नाय साहेब, मी पढवत नाय त्याला — याह्या, इकडं बघ. त्यांच्याकडं नको, माझ्याकडं बघ. अरं, आधी माझं ऐकून तर घे.